जोडीदाराची आठवण कमी होतेय: आधी काय, मग काय

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, इंदूरच्या ज्या ज्या भागात आपली मराठी घरं आहेत, तिथून या विषयावर मला फोन येतात. फोन करणारीच्या हातात बहुतेक वेळा एमआरआयची मोठी फिल्म असते आणि पिशवीत दोन-तीन डॉक्टरांच्या गोळ्या असतात. "नक्की झालंय काय?" याचं उत्तर मात्र तिला कोणी दिलेलं नसतं. पैसे गेलेले असतात, सहा-आठ महिनेही गेलेले असतात. बहुतेकींचा क्रम चुकलेला असतो, आणि तो आमच्या घरीही चुकला होता. म्हणून हा क्रम लिहून काढते आहे. मी बायकोच्या बाजूने लिहिते आहे. बायकोसाठी धावपळ करणाऱ्या नवऱ्यांनी आपल्या बाजूने वाचावं, पायऱ्या त्याच आहेत.

१. पहिला प्रश्न: हे हळूहळू झालं की अचानक?

विसरणं महिनोन् महिने वाढत आलं असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या शांतपणे करायला वेळ आहे. पण माणूस काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत बदलला, दिवसा गुंगीत राहतो, रात्री नसलेली माणसं दिसतात, बोलणं तुटक झालं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, साखर फार उतरणं, शरीरातलं पाणी कमी होणं, नवीन सुरू झालेली एखादी गोळी, यांपैकी कशानेही असं होतं. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. कारण वेळेवर सापडलं तर बहुतेक वेळा माणूस पुष्कळसा पूर्ववत होतो.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, शब्द जड येऊ लागले, तर तो पक्षाघात असू शकतो, लगेच १०८ लावा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून "शेवटचं नीट कधी पाहिलं" ती वेळ कागदावर लिहूनच निघा.

तिसरी गोष्ट पडण्याची. गेल्या काही आठवड्यांत डोक्याला मार लागला होता का? अगदी बाथरूमच्या दाराची ठेचसुद्धा मोजा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विशेष. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत जातं आणि माणूस सुस्त, विसराळू होत जातो. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं आणि शस्त्रक्रियेने काढता येतं.

*सावध:* आधीच स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) असलेल्या माणसालाही डिलिरियम होतो. दोन दिवसांत एकदम बिघडलं तर "आता आजार वाढला" म्हणून घरी बसू नका.

२. दोन आठवडे वहीत लिहा

सगळ्यात जास्त वेळा गाळली जाणारी पायरी हीच, आणि डॉक्टरला सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. "हल्ली फार विसरतात" या वाक्यातून त्यांना काही कळत नाही. त्यांना प्रसंग हवेत. तारीख, वेळ, काय झालं, आणि पूर्वी तीच गोष्ट ते कशी करायचे.

आमच्या वहीतल्या दोन नोंदी देते.

"मंगळवार, सकाळ. दूध आणायला गेले. फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या, दोन्ही त्यांनीच आणलेल्या. तिसरी घेऊन आले. दाखवल्यावर म्हणाले, मी तर आज पहिल्यांदाच गेलो."

"शनिवार. पोह्यांवर जिरावन (वरून भुरभुरायचा मसाला) हवं होतं. डबी त्यांच्याच हातात. 'ते दे, ते वरून टाकायचं' असं तीनदा म्हणाले. शब्द सापडेना, आणि हातात आहे तेच ते, हेही कळेना."

डॉक्टर दुसऱ्या नोंदीपाशी थांबले आणि तेवढ्यावरून त्यांनी पाच-सहा प्रश्न विचारले. तोपर्यंत मी फक्त आठवणीबद्दल बोलत होते. त्यांना त्यात शब्दांची अडचणही दिसली.

नोंदी करताना एवढं डोळ्यांसमोर ठेवा: ताजी आठवण, शब्द, रस्ते आणि जागा, पैशांचा हिशेब, रोजची कामं (स्वयंपाकाचा क्रम, गोळ्या घेणं, फोन लावणं) आणि स्वभाव. शिवाय चाल बदलली का, लघवीवर ताबा आहे का, नसलेलं काही दिसतं का, झोपेत ओरडतात किंवा हातपाय झाडतात का. या शेवटच्या चार गोष्टी घरच्यांना आठवणीशी संबंधित वाटत नाहीत, म्हणून सांगितल्या जात नाहीत. निदानाची दिशा मात्र पुष्कळदा त्यांवरच ठरते.

कधीपासून, हे आठवत नसेल तर सणांना धरून मागे जा. गेल्या दिवाळीला भाऊबिजेच्या पाकिटांचा हिशेब कोणी केला? त्याच्या आदल्या दिवाळीला? पुण्याला किंवा परदेशात असलेल्या मुलांनाही विचारा. जे वर्षातून एकदा भेटतात त्यांना फरक ठळक दिसतो. रोज सोबत राहणारी आपण तो नकळत सांभाळून घेत असतो.

दोन चुका इथे हमखास होतात. पहिली: "अहो, रामरक्षा अजून तोंडपाठ आहे, आठवण कुठे गेलीय!" लहानपणी घोकलेलं शेवटपर्यंत टिकू शकतं. आधी जातं ते कालचं, आजचं, मगाचं. आरती म्हणता येते म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. एखादं नाव आठवेना आणि संध्याकाळी आपोआप आठवलं, हे वयाचं आहे. पण नातलग येऊन जेवून गेले, आणि ते आले होते हेच आठवत नसेल, तर ती नोंद वहीत गेलीच पाहिजे.

दुसरी चूक घरी परीक्षा घेण्याची. "सांगा बघू, काल कोण आलं होतं?" मी हे पाहुण्यांसमोर विचारायचे. काही दिवसांनी हे कोणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसू लागले. त्यांना किती लागलं असेल, ते मला फार उशिरा कळलं. परीक्षा घेऊ नका. पाहा आणि लिहा, तेही त्यांच्या नजरेआड.

*तपासा:* वहीत निदान दहा प्रसंग झाले का? त्यातले निवडक सहा-सात एका कागदावर उतरवा. डॉक्टरांकडे तोच कागद जाईल, वही नाही. ओपीडीत वही वाचायला कोणाला वेळ नसतो.

३. गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करा

बीपी-शुगरच्या गोळ्या, मेडिकलवाल्याने न विचारता दिलेल्या, शेजारणीने सुचवलेल्या, चूर्ण, काढे, सगळं. प्रत्येकाचं नाव, किती आणि केव्हा, हे लिहा. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या (क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन), झोपेच्या अल्प्राझोलाम-क्लोनाझेपाम, लघवीच्या घाईसाठीची ऑक्सिब्युटिनिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, या सगळ्यांनी उतारवयात आठवण आणि भान मंदावू शकतं.

*सावध:* यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बरीच वर्षं घेतलेली अल्प्राझोलाम एकदम थांबवली तर झटकेही येऊ शकतात. यादी डॉक्टरांसमोर ठेवणं एवढंच आपलं काम.

पट्टीतल्या (स्ट्रिपमधल्या) गोळ्या मोजूनही पाहा. शुगरची गोळी विसरून दोनदा घेतली जात असेल, तर साखर उतरून भान हरपत असेल. दारू असेल तर किती, ते खरं सांगा. आणि कान! ऐकूच नीट येत नसेल तर लक्षात काय राहणार? कानातला मळ आणि श्रवण, दोन्ही तपासून घ्या.

४. दवाखान्यात नेणं आणि रक्ताच्या तपासण्या

"तुम्ही विसरता, चला डॉक्टरकडे" म्हटलं की "मला काही झालेलं नाही" हेच उत्तर येणार. हा दरवेळी हट्ट नसतो. आपलं काही बिघडलंय हे कळण्याची क्षमताच काही जणांत आजाराने कमी होते, म्हणून वाद घालून उपयोग नाही. खोटंही बोलू नका. लग्नाला म्हणून निघायचं आणि दवाखान्यात उतरवायचं, असं एकदा केलं की पुढच्या वेळी माणूस रिक्षात बसत नाही. मी म्हटलं, "दोघांचीही वर्षाची तपासणी करून घेऊ." आणि खरंच दोघांचं रक्त दिलं. सकाळची वेळ घ्या. संध्याकाळी गोंधळ वाढतो. चष्मा, कानाचं यंत्र बरोबर हवं. सोबत एकच माणूस असावा, मुलं-सुना-जावई असा घोळका नको.

सुरुवात नेहमीच्या फिजिशियनपासूनच करा. हिमोग्रॅम, साखर आणि एचबीए१सी, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, टीएसएच (थायरॉइडची) आणि बी-१२ जीवनसत्त्व हा साधारण पहिला संच. थायरॉइड कमी असेल किंवा बी-१२ कमी असेल, तर विचार मंदावतो, आणि हे दोन्ही भरून काढता येतं. शाकाहारी घरात, शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडतं. डॉक्टरांनी एचआयव्ही किंवा सिफिलिसची तपासणी लिहिली तर अपमान मानू नका. आठवणीच्या तक्रारीत कधी कधी तीही करावी लागते.

*सावध:* रक्त देण्याआधी बी-१२चं इंजेक्शन किंवा "ताकदीच्या" गोळ्या सुरू करू नका. आमच्याकडे एकाने आधीच पाच इंजेक्शनं दिली. मग रिपोर्ट वरचा आला, आणि मुळात कमी होतं की नव्हतं, हे कधीच कळलं नाही.

मनाची उदासीही इथेच तपासली जावी. निवृत्तीनंतर, भावंडं गेल्यानंतर, माणूस गप्प होतो, लक्ष लागत नाही, विसरतो. नैराश्याने असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टर विचारत नसतील तर तुम्ही विचारा.

५. तज्ज्ञ कोण?

न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ, दोघांपैकी कोणीही स्मृतिभ्रंशाचं निदान आणि उपचार करू शकतात. वय पासष्टच्या आत असेल, चाल बिघडली असेल, हात कापत असेल, पूर्वी पक्षाघात होऊन गेला असेल, तर आधी न्यूरोलॉजिस्ट. संशय, भास, उदासी, रात्रीची जाग यांचा त्रास जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. इंदूरला खासगीत दोन्ही आहेत. सरकारीत एमवायच्या (महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या) ओपीडीची पर्ची काढता येते, आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालयही आहे. बाणगंगेचं नाव काढलं की आपल्या घरांत अजून दारं लागतात. माणूस रोज रात्री जागा राहून सगळ्या घराला जागवत असेल, तर लोक काय म्हणतील याला काय किंमत द्यायची?

फाइल अशी लावा: सगळ्यात वर प्रसंगांचा तो एक कागद, मग गोळ्यांची यादी, मग रिपोर्ट तारखेप्रमाणे. कागद आत जाण्याआधीच सहायकाच्या हाती द्या आणि सांगा, "मला दोन मिनिटं डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे." नवऱ्यासमोर "हे पैशांच्या हिशेबात चुकतात" म्हणणं जीवावर येतं. मग आपण अर्धंच बोलतो आणि निदानही अर्ध्या माहितीवर होतं.

आणि गप्प बसा. डॉक्टरांनी "आज वार कोणता?" विचारलं आणि मी पटकन "बुधवार" म्हणून मोकळी झाले. चाळीस वर्षांची सवय.

६. आठवणीची चाचणी, आणि तिची भाषा

ही चाचणी रक्ताची नव्हे, प्रश्नांची असते. तारीख, जागा, तीन-पाच शब्द लक्षात ठेवणं, उलटी वजाबाकी, चित्र काढणं. एक नेहमीची चाचणी तीस गुणांची असते आणि दहा-पंधरा मिनिटांत होते.

आपल्या इंदुरी मराठी माणसांचा घोळ इथे होतो. बाजारात, ऑफिसात आपण दिवसभर हिंदी बोलतो, म्हणून चाचणी हिंदीत होते, कधी इंग्रजीत. पण डोक्यातली मोजणी ज्या भाषेत पाढे शिकलो त्याच भाषेत चालते. चाचणीआधी स्पष्ट सांगा: "यांचे पाढे मराठीत आहेत", किंवा "शाळा हिंदीत झाली". शिक्षण कितवीपर्यंत, तेही सांगा, कारण गुणांचा अर्थ त्यावर बदलतो. भाषेमुळे गमावलेले चार गुण आजाराच्या खात्यावर जायला नकोत.

यांना गोल काढून दिला आणि घड्याळ करायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. विद्युत मंडळात आयुष्यभर हिशेब केलेला माणूस. बाराही आकडे सुबक अक्षरात काढले, पण सगळे उजव्या अर्ध्या भागात. डावी बाजू कोरी. मग पेन खाली ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. त्या कोऱ्या अर्ध्या गोलाने मला जे सांगितलं, ते कुठल्याही रिपोर्टने सांगितलं नव्हतं.

*तपासा:* गुण, तारीख आणि भाषा, तिन्ही फाइलमध्ये लिहून घ्या. सहा-बारा महिन्यांनी पुन्हा चाचणी होईल तेव्हा तुलना त्याच भाषेतल्या गुणांशी व्हायला हवी. एकट्या आकड्यावरून निदान होत नाही.

७. एमआरआय आता, आधी नाही

स्कॅनमधून गाठ, साचलेलं रक्त, जुने छोटे पक्षाघात, मेंदूत तुंबलेलं पाणी आणि मेंदूचा कुठला भाग आकसला आहे, हे कळतं. काय शोधायचं ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं असेल तर रिपोर्टही कामाचा येतो. "वयानुसार आकुंचन" असं वाचून घाबरू नका, ते उतारवयात पुष्कळांच्या रिपोर्टमध्ये असतं. उलट "सामान्य" लिहिलं म्हणून आजार नाही, असंही नाही. पेसमेकर किंवा शरीरात कुठलाही धातू असेल तर आधी सांगा.

पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलतात, लघवी सुटते आणि आठवणही गेली, असं तिन्ही एकत्र असेल, तर मेंदूत पाणी तुंबल्याचा संशय डॉक्टरांना मुद्दाम विचारा. त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय असू शकतो.

८. निदानाच्या दिवशी

"डिमेन्शिया आहे" एवढं ऐकून उठू नका. ते लक्षणांच्या समूहाचं नाव आहे. कुठला, ते विचारा: अल्झायमर, रक्तवाहिन्यांचा, ल्युई बॉडी, की फ्रंटोटेम्पोरल? पुढची औषधं आणि धोके त्यावर ठरतात. कधी "सौम्य बोधात्मक कमतरता" असं सांगतात, म्हणजे आठवण वयाच्या मानाने कमी, पण रोजची कामं बहुतेक जमतात. ती प्रत्येकाची वाढतेच असं नाही, पण तपासणी चालू ठेवावी लागते.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमॅन्टिन ही नेहमीची औषधं. त्यांनी आजार बरा होत नाही किंवा थांबत नाही. काहींना काही काळ थोडी स्थिरता मिळते. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब, वाईट स्वप्नं, नाडी मंद होणं असं होऊ शकतं. नाडी आधीच मंद असेल तर ईसीजीबद्दल विचारा. महिन्याभरात फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. किती दिवसांनी आढावा घ्यायचा ते ठरवून घ्या.

*सावध:* रात्री आरडाओरडा आवरण्यासाठी कोणी मानसिक आजाराची तीव्र औषधं (अँटिसायकोटिक) लिहिली, तर ती का, किती दिवस आणि कधी बंद, हे तीन प्रश्न विचाराच. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत त्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. ल्युई बॉडी प्रकारात तर ती फार घातक ठरू शकतात.

९. कागदपत्रं: सही अजून त्यांची आहे तोवर

सगळ्यांचा समज असा की पॉवर ऑफ अॅटर्नी करून ठेवली की झालं. तसं नाही. भारतीय करार कायद्यानुसार, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हा ते हातात नसतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. खंडपीठ इंदूरलाच आहे, तरी खर्च आणि वेळ जातोच.

म्हणून निदान लवकरचं असेल तर त्याच महिन्यात बसा. त्यांच्याशी बोलून, त्यांना समजेल अशा शब्दांत, त्यांच्या इच्छेने. बँक खाती दोघांच्या नावे, कोणीही एक व्यवहार करू शकेल अशी. सगळीकडे नॉमिनी. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसह, आणि त्याच सुमाराचं, ते समजून सही करू शकतात असं डॉक्टरांचं पत्र. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक उपचारांच्या निर्णयांसाठी साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. तोही लिहून ठेवा. यूपीआय आणि एटीएमची मर्यादा कमी करा, कारण ओटीपी विचारणारे फोन अशाच माणसांना गाठतात. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता तुमच्या कॅलेंडरवर हवा.

वय सत्तर किंवा त्यापुढे असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात धरू नका.

१०. घर, रस्ता आणि तुमची झोप

रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. बाथरूममध्ये दांडी आणि रात्रभर एक दिवा. खिशात नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. पाकिटात ठेवून भागत नाही, पाकीट हरवतं.

तुम्हाला सलग झोप मिळत नसेल तर ते डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे, सहन करायची गोष्ट नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही क्रमांक मोफत आहेत. मी १४४१६ स्वतःसाठी लावला होता, रात्री अडीचला.

माणूस बाहेर निघून गेला तर आधी गच्ची, जिना आणि शेजार पाहा. दहा-पंधरा मिनिटांत सापडले नाहीत तर ११२ लावा. "अजून थोडी वाट पाहू" नको. आजचा, त्याच कपड्यांतला फोटो हाताशी असावा, म्हणून मी रोज सकाळी एक काढते. एक माणूस घरीच थांबू दे, ते परत येऊ शकतात.

बाकीच्यांनी वाटेल तिथे शोधत फिरू नये. अशी माणसं पुष्कळदा जुन्या पत्त्याकडे जातात. लहानपणीचं घर, जुनं ऑफिस, नेहमीचं देऊळ. हे आम्हाला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत सापडले, त्यांचा वाडा होता तिथे. आता तिथे कापडाचं दुकान आहे. दुकानाच्या पायरीवर चपला काढून बसले होते. दुकानदाराने पाणी दिलं होतं आणि "घर कहाँ है बाबूजी" विचारत होता, आणि हे त्याला सांगत होते, हेच तर घर आहे.

ती पत्त्यांची यादी आजच करा आणि फ्रिजवर लावा.